सातवं पाणी

१८ नोव्हेंबर

डोकं फिरलं आज. आठवडाभर खपून काढलेली भुकटी धुताना अर्धी मोरीत गेली. इतकी बारीक की पाण्यावर तरंगते, आणि पाणी ओतलं की त्याच्याबरोबर चालू लागते. जी उरली तिची वाळल्यावर ढेकळं झाली. मी सगळ्या लॅबला ऐकू जाईल अशा आवाजात गुंडूमामांना विचारलं, "मामा, हे काय पिठलं आहे का, गाठी झाल्या तरी खपतील?"

गुंडूमामा आमच्या रसायनशास्त्र विभागाचे शिपाई. कोल्हापूरजवळच्या हुपरीचे. एकोणतीस वर्षं नोकरी झाली, येत्या मे अखेरीला निवृत्त होतील. माझ्या ओरडण्याची त्यांना सवय आहे. शांतपणे म्हणाले, "मॅडम, शेवटचं पाणी आमच्यातल्यागत काढू काय? मग तरंगायची न्हाय ती."

तेवढ्यात प्राचार्यांचा फोन. लॅबमागची ही अडगळीची खोली मला मे अखेरपर्यंतच, जूनपासून तिथं स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका, हे त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं. मी फोनवर हात धरून मामांना म्हटलं, "काहीही करा, पण माझा एक कण वाया घालवू नका."

ही वही कुणाच्या हाती लागली तर वाटेल, बाई राखेवरून एवढी का पेटली. म्हणून लिहून ठेवते. जमिनीखालचं तेल हौदात भरलेलं नसतं. वाळूच्या दगडात मुरलेलं असतं. आपसूक वर येतं तेवढं येतं, मग खाली पाणी रेटून आणखी काढतात, तरी निम्म्याच्या आसपास तेल दगडाला चिकटून खालीच राहतं आणि विहीर म्हातारी झाली म्हणून सोडून देतात. खारट पाण्यात सिलिकाचे कण मिसळून रेटले, तर ते तेलाच्या थराखाली शिरून त्याला दगडावरून सोडवतात. कण केवढे? एका केसाच्या रुंदीत चार हजार ओळीनं उभे राहतील एवढे. नॅनो म्हणतात ते हेच. जगाला हे ठाऊक आहे. मी वेगळं एवढंच करते, की हा सिलिका उसाच्या चिपाडाच्या, म्हणजे बगॅसच्या, राखेतून काढते, आणि राखेला आमच्या जिल्ह्यात तोटा नाही.

गुजरातमधल्या एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेनं मला अंगठ्याएवढ्या दगडाच्या कांड्या आणि कच्च्या तेलाचा कॅन पाठवलाय. तिथले ऋतुराज साहेब म्हणाले, आकडा चांगला दाखवा, मग आम्ही आमच्या हातानं करून बघू, आम्हालाही तोच आला तर एका म्हाताऱ्या विहिरीत खरी चाचणी. बस्स. मला माझं पाणी त्या विहिरीत उतरताना बघायचंय. पंचविसाव्या वर्षी माझ्या गाईडनं माझं काम माझं नाव न घालता छापलं. मी तावातावानं पीएचडी सोडली आणि तेवीस वर्षं पोरांना तेच ते शिकवत बसले. आता अठ्ठेचाळीस संपतील. पुन्हा कुणी खोली देणार नाही.

४ डिसेंबर

मामांनी धुतलेली नवी भुकटी आली. मऊसूत, बाळाच्या पावडरीसारखी. एक ढेकूळ नाही, वजनातही घट नाही. ओरडल्याशिवाय माणसं काम करत नाहीत, हेच खरं.

१२ डिसेंबर

सतरा!

तेल मुरवलेल्या कांडीतून आधी साधं खारं पाणी रेटलं. येणार तेवढं तेल आलं, मग नुसतंच पाणी येऊ लागलं. नंतर माझं पाणी लावलं. दीड तास काही नाही. मी चहाला जाणार एवढ्यात मामा म्हणाले, "मॅडम, काळं आलं." नळीत एक काळा थेंब, मग दुसरा, मग ओळच लागली. दगडात होतं त्यातलं सतरा टक्के तेल जास्तीचं निघालं. मी तीनदा मोजलं, तिसऱ्यांदा चष्मा पुसून.

घरी अप्पांना सांगितलं. अप्पा माझे वडील, वय सत्त्याहत्तर, साखर कारखान्यात बॉयलरवर होते. म्हणाले, "आमी जल्मभर राख उचलून टाकली, तवा कोन म्हणालं न्हाय त्यात त्याल हाय." त्यात तेल नाही, ते तेल काढतं, हे मी समजावत बसले. त्यांनी मला पेढा आणायला पिटाळलं.

आज मला कुणाचाही राग आलेला नाही. तारीख लक्षात ठेवावी अशी आहे.

१६ डिसेंबर

ऋतुराज साहेबांना सहा पानी कृती पाठवली. राखेचं एक पोतंही ट्रान्सपोर्टनं रवाना केलं. पायरी नववी : ऊर्ध्वपातित पाण्यानं सात वेळा धुणे. सगळं कसं नेमकं. शेवटी आभाराला दोन ओळी होत्या, तिथं प्राचार्यांचं नाव घातलं. अभ्यासिका लांबली तर बरंच.

२१ जानेवारी

ऋतुराज साहेबांचा फोन. "मॅडम, कागदाबरहुकूम सगळं केलं. आमचे चार टक्के आले."

मी म्हटलं, पंप तपासा. तपासला. तेल? तुम्हाला पाठवलं त्याच पिंपातलं. राख? तुमचंच पोतं. कांडी? एकाच दगडातून कापलेली. मग मी म्हटलं, तुमची माणसं तपासा. ते म्हणाले, "ती रोज हेच करतात, मॅडम." फार सभ्य माणूस आहे. सभ्य माणसांचा मला जास्त राग येतो.

चार टक्के कुठल्याही साध्या भुकटीनं येतात.

२३ जानेवारी

डिसेंबरची उरलेली भुकटी घेऊन पुन्हा चाचणी केली. साडेसोळा. म्हणजे मी खोटी नाही. मग ते खोटे? तेही नसणार. हीच भुकटी त्यांना पाठवावी असं वाटलं, पण आता बाटलीत चमचाभर उरली आहे, आणि चमचाभरावर विहीर चालत नाही. ज्याला दुसरा कुणी करून दाखवू शकत नाही तो प्रयोग नाही, हातचलाखी आहे. हे मीच पोरांना शिकवते.

९ फेब्रुवारी

सोळा दिवस कुणाला हात लावू दिला नाही. राख चाळली मी, भाजली मी, विरघळवली मी, सातही वेळा पाणी माझ्या हातानं काढलं. मामा दारात उभे असायचे. एकदा म्हणाले, "मॅडम, पाणी मी बघू काय?" मी म्हटलं, नको.

धुताना बरीच वाहून गेली. वाळल्यावर ढेकळं झाली, ती मी खलबत्त्यात कुटली. आज चाचणी घेतली. पाच.

ऋतुराज साहेबांचे चार, माझे पाच. कृती तीच. मग डिसेंबरमध्येच काहीतरी चुकलं होतं. नेमकी चूकच भारी निघाली, आणि ती काय होती ते मला ठाऊक नाही.

११ फेब्रुवारी

आज जे बोलले ते लिहायला नको वाटतंय, पण वहीशी ताकाला जाऊन भांडं काय लपवायचं.

मनात पक्कं बसलं होतं की डिसेंबरच्या भुकटीत घाण मिसळली. भांडं कशानं तरी धुतलेलं असणार. बी.एस्सी.चं प्रॅक्टिकल चालू होतं, तीस-बत्तीस पोरं होती. त्यांच्यासमोर मी मामांना म्हटलं, "तुमच्या निष्काळजीपणामुळे माझं वर्ष गेलं. काय मिसळलंत सांगा."

मामा म्हणाले, "मी कायबी मिसळलं न्हाय मॅडम. पाणी काढलं फक्त."

"खोटं बोलू नका."

मामांनी हातातली परीक्षानळी स्टँडला लावली, हात पुसले आणि गेले.

१२ फेब्रुवारी

मामांचा रजेचा अर्ज आलाय. पंधरा दिवस. कारण : घरगुती.

२८ फेब्रुवारी

मामांची रजा आणखी पंधरा दिवस वाढली. ऋतुराज साहेबांचा निरोप आला : हा विषय बंद करायचा का? मी कळवलं, नाही. पुढं काय लिहावं सुचलं नाही, म्हणून तेवढंच पाठवलं.

२ मार्च

स्टोअरच्या कपाटाची किल्ली मामांकडे राहिली होती, ती आणायला हुपरीला गेले. दुसरी किल्ली माझ्या पर्समध्ये आहे, पण ती जरा अडकते. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून अर्धा किलो पेढे घेतले.

हुपरीत दर चार घरांमागे एका घरात चांदीचं काम. मामांचं घर गल्लीच्या टोकाला. अंगणात दोन मोठ्या पराती मांडून मामा आणि त्यांच्या वहिनी बसल्या होत्या. वहिनींनी "या पावणं, बसा" म्हणून खुर्ची दिली. मामा उठले नाहीत. कोपरापर्यंत हात काळे.

पेढे मी मांडीवरच ठेवले. मग काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "हे काय करताय?"

वहिनींनीच सांगितलं. चांदीच्या कारखान्यांत फरशीवर पडलेला केर हे लोक विकत आणतात आणि धुऊन त्यातली चांदी काढतात. झारेकरी म्हणतात त्यांना. मामांचे वडील, आजोबा सगळे तेच करायचे. एकटे मामा शिकून नोकरीला लागले.

मी परातीत बघत होते. मामा पाणी ओतून द्यायचे, नवं घ्यायचे. पाण्यावर चांदीची एक चकाकती साय तरंगत होती. इतकी बारीक चूर की बुडेना. मला माझी भुकटी आठवली. मामांनी शेजारच्या गाडग्यातून ओंजळभर पिवळट पाणी घेतलं आणि परातीत टाकलं. थोडा फेस आला. ती सगळी साय, बघता बघता, खाली जाऊन बसली.

मी खुर्चीतून उठले. पेढे सांडले.

"मामा, हे कसलं पाणी?"

"रिठ्याचं."

"हे तुम्ही माझ्या भुकटीला..."

"व्हय की. सातवं पाणी. तुमास्नी इचारलंतं मी. काहीबी करा म्हणालात." मग पहिल्यांदाच माझ्याकडे वर बघून म्हणाले, "ही काय मिसळणं झालं, मॅडम? ह्येला आमी धुणं म्हणताव."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. दीड महिना मी गुजरातचा पंप, कोल्हापूरचं पाणी आणि माझं नशीब तपासत होते. रिठा म्हणजे साबण. तो भुकटीच्या कणाकणाला चिकटून राहिला असणार. म्हणून ढेकळं नाहीत, म्हणून कण पाण्यात सुटे राहिले, म्हणून तेल सुटलं.

मी म्हटलं, "मामा, मी चुकले. पोरांसमोर बोलले ते फार चुकलं."

मामांनी परातीतलं वरचं पाणी ओतून दिलं. मग म्हणाले, "मी येतो सोमवारी. पर परात माझी. आन् मी धुताना मधी बोलायचं न्हाय."

किल्ली आणायची राहिलीच.

३ मार्च

कालचा आनंद आज ओसरला. सतरा टक्के माझ्या राखेचे नाहीतच, रिठ्याचे असतील तर? मग मी केलं काय? रिठा तर वाण्याकडे मिळतो.

आणि एक घाणेरडा विचार आला, तोही लिहिते. ऋतुराज साहेबांना सांगायचंच कशाला? 'धुण्याच्या पायरीत किरकोळ सुधारणा' असं लिहायचं, रिठ्याला त्याचं लांबलचक शास्त्रीय नाव द्यायचं, झालं. कुणाला कळणार आहे? दुपारपर्यंत मी ते पत्र लिहूनही काढलं होतं. छान जमलं होतं.

अप्पांना वाचून दाखवलं. त्यांना शास्त्रीय नावातलं काही कळलं नाही. फक्त म्हणाले, "ह्यात गुंडूचं नाव कुठं हाय?"

पत्र फाडलं.

५ मार्च

ऋतुराज साहेबांना फोन करून सगळं सांगितलं. रिठा, परात, मी ओरडले तेसुद्धा. ते जरा हसले असावेत. मग म्हणाले, "मॅडम, वरचे लोक हा विषय संपला असं धरून चालले आहेत. मला एकच चाचणी मिळेल, एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात. आमचा माणूस करणार, फक्त तुमच्या कागदावरून. तुम्ही किंवा मामा इथं यायचं नाही. तुमच्या हाताशिवाय जमलं तरच ते खरं."

बरोबर बोलले. मला राग आला नाही. वय झालं बहुतेक.

२० मार्च

तीन चाचण्या झाल्या. नुसती राखेची भुकटी : पाच. नुसतं रिठ्याचं पाणी : तीन. रिठ्यानं धुतलेली भुकटी : सतरा. पाच आणि तीन आठ होतात, सतरा नाही. म्हणजे वरचे नऊ दोघांच्या संगतीचे. एकेकटे दोघंही फारसे कामाचे नाहीत.

मी हे फळ्यावर लिहून मामांना समजावलं. ते म्हणाले, "मंग झालं की. भांडान मिटलं."

२७ मार्च

आता खरी कसोटी. मामांचा हात कागदावर उतरवायचा.

"मामा, रिठ्याचं पाणी किती घालता?"

"ओंजळभर."

"ओंजळ म्हणजे किती?"

त्यांनी ओंजळ करून दाखवली. मी त्यांना वीस वेळा ओंजळ भरून मोजपात्रात ओतायला लावली. एकशे बारा, एकशे चौदा, एकशे अकरा. वीस वेळांत पाच मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नाही. आमच्या पोरांच्या हातात ब्युरेट दिलं तरी याहून जास्त चुकतं.

"किती वेळ थांबायचं?"

"साय बुडूस्तवर."

घड्याळ लावलं. चार मिनिटं.

"वाळली हे कशावरनं कळतं?"

"बोटाला लागाय पायजे आन् फुकलं की सुटाय पायजे."

हे शास्त्रीय भाषेत कसं लिहायचं यावर मी दोन तास घालवले. शेवटी तसंच लिहिलं.

६ एप्रिल

मी मध्ये बोलायचं नाही हे ठरलेलं, तरी आज तीन वेळा बोलले. तिसऱ्या वेळी मामांनी परात खाली ठेवली आणि बाहेर जाऊन बसले. मी बाहेर जाऊन चहा दिला. पुन्हा सुरुवात.

माणूस हट्टी आहे. हट्टी माणसाबरोबर काम करणं किती अवघड असतं, ते ज्याचं त्याला ठाऊक.

१२ एप्रिल

नवी कृती तयार. नऊ पानं. पहिल्या पानावर दोन नावं : माझं, आणि खाली गुंडूमामांचं. मनात आलं, माझ्या गाईडला हे दाखवायला हवं होतं. मोठेपणा म्हणतात तो हाच. मामांना मोठ्या कौतुकानं कागद दिला.

त्यांनी नावाकडे बघितलंसुद्धा नाही. बोट लावून लावून नववी पायरी वाचली आणि म्हणाले, "ही चुकलंय."

"काय चुकलंय?"

"पयल्या सा पाण्यात परात गोल फिरवायची. सातव्यात फिरवायची न्हाय, नुसती हिकडनं तिकडं. तुमी समद्यात फिरवायची लिवलंय."

मी म्हटलं, मामा, एवढ्यानं काय होतं? ते म्हणाले, "त्या पोराला कोन हाय तिथं सांगाय? कागदच सांगनार न्हवं का?"

नववी पायरी पुन्हा लिहिली. ते सांगत होते, मी लिहीत होते. चार वेळा खोडलं. नावं मात्र मी न सांगता वरखाली केली, त्यांचं वर, माझं खाली. पाठवून दिलं. आता हातात काही नाही.

२२ एप्रिल

तिकडं आज धुणं. मला फोनवरही बोलायची परवानगी नाही. सकाळपासून तीन वर्गांना एकच धडा शिकवला. तिसऱ्या वर्गाचा धडा वेगळा होता हे एका मुलीनं शेवटी सांगितलं.

साडेतीनला ऋतुराज साहेबांचाच फोन. आवाज बसलेला. "मॅडम, भुकटी तरंगतेय. अर्धी गेली. रिठा घातला, फेस भरपूर आला, पण खाली बसत नाही. आमच्याकडे राखेचा आणखी एकच घाणा शिल्लक आहे. वरच्यांना विचारून एक प्रश्न विचारायची परवानगी काढलीय. एकच."

मी फोन मामांना दिला.

मामांनी विचारलं, "फेस कसला हाय? पांढरा का पिवळसर?"

"पांढरा."

"रिठा भिजवताना बी काढलीती का?"

पलीकडे कुजबुज झाली. "नाही. कागदावर तसं काही नाही."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी मामांकडे. रिठ्याची काळी बी काढून टाकायची आणि फक्त वरचं साल भिजत घालायचं, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक. लिहावं असं दोघांच्याही मनात आलं नव्हतं. शेंगदाण्याची टरफलं काढा म्हणून कुणी लिहितं का? आणि गुजरातच्या त्या प्रयोगशाळेतल्या माणसानं, कागदाबरहुकूम, अख्खे रिठे वजन करून भिजवले होते. वजन बरोबर आणि साल निम्मं.

"साल घ्या निस्तं," मामा म्हणाले. "बी काढून टाका. आन् आज न्हाय धुयाचं. रातभर भिजू दे. उद्याच्याला धुवा."

२६ एप्रिल

पावणेबाराला फोन वाजला. मी, मामा आणि मध्ये टेबल.

"सोळा पूर्णांक एक दशांश," ऋतुराज साहेब म्हणाले.

मी परत सांगा म्हटलं. त्यांनी परत सांगितलं. दुसऱ्या माणसाच्या हातानं, दुसऱ्या गावात, फक्त कागदावरून. मी मामांपुढं बोटांनी एक आणि सहा केलं. मामांनी मान हलवली आणि विचारलं, "भुकटी बोटावरनं सुटली का त्यास्नी, इचारा." सुटली होती.

साहेब पुढं सांगत होते. विहीर मंजूर. नोव्हेंबरमध्ये. पाणी विहिरीजवळच तयार करायचं, पहिल्या दिवशी आमच्यापैकी कुणीतरी समोर हवं, प्रमाण आणि हात दाखवायला. "पण मॅडम, जागा धोक्याची असते, सुरक्षेचे नियम कडक आहेत. बाहेरच्या एकाच माणसाला परवाना मिळेल. तुम्ही येताय ना? नाव सांगा, मी फॉर्म भरतो."

मी येणार, हे तोंडात होतं. कॉलेजनं रजा नाही दिली तर बिनपगारी घेईन, हेही डोक्यात पक्कं होतं. वर्षभर दुसरं काही मागितलं नव्हतं मी. मला ती विहीर बघायची होती. वाळवंटात असेल का शेतात असेल, एवढंसुद्धा मला ठाऊक नव्हतं, तरी मी ती शंभर वेळा बघितली होती.

मामा टेबलावर सांडलेली भुकटी बोटानं गोळा करत होते. माझी भुकटी, असं मी नेहमी म्हणते. विहिरीपाशी ती तरंगायला लागली, फेस पांढरा आला, तर मी काय करणार होते? मामांना फोन लावणार होते.

मी मामांचं पूर्ण नाव सांगितलं. आडनाव दोनदा उच्चारून सांगितलं. फॉर्ममध्ये हुद्दा विचारला. मी म्हटलं, झारेकरी. ते काय, असं साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, नोव्हेंबरात तुम्हाला कळेल.

फोन ठेवल्यावर रडले. आनंदानं वगैरे नाही. मला जायचं होतं म्हणून रडले. मामा गडबडले. "म्या न्हाय जात मॅडम, तुमी जावा. मी रिटायर मानूस, मला कशाला इहीर?"

"तुम्हीच जायचं," मी म्हटलं. "तिथं काय काय झालं ते सगळं येऊन मला सांगायचं. रस्ता कसा होता, माणसं कशी होती, पाणी खाली जाताना आवाज आला का. साधं वाटेल तेही सांगायचं. रिठ्याची बी गाळलीत तशी गाळायची नाही."

"आन् तुमी?"

"मी लिहीन."

मामा जरा विचार करून म्हणाले, "मंग आत्तापासनंच लिवा. नोव्हेंबरला लागनारे रिठे दिवाळीआधी सुकवाय लागत्यात. किती किलो लागतील, आदी त्याचा हिशोब काढा."

कागद पुढं ओढला आणि हिशोबाला बसले.